जर्मन खोलीत वाढणाऱ्या वस्तू

दारिंका केत्समान पाहुण्यांच्या तोंडाकडे कधी बघत नसे, हातांकडे बघे. तोंड काय, कोणीही गोड करतं. हात मात्र काचेला चिकटतात, दोरीच्या पलीकडे जातात, भरतकामाचा टाका चाचपून बघतात. सर्बियातल्या रितोवो गावाच्या संग्रहालयात राखणदार म्हणून तिची सत्तावीस वर्षं गेली होती आणि एवढ्या काळात एक लाकडी चमचा सोडला तर काहीही हललं नव्हतं. तो चमचाही तिने एका शाळामास्तराच्या छत्रीतून काढून परत जागेवर ठेवला होता.

संग्रहालयात पाच खोल्या. सर्बांची, हंगेरियनांची, स्लोवाकांची, रुमानियनांची आणि पार टोकाला जर्मनांची. सगळ्यांनाच वाटे, आपल्याला फसवलंय. हंगेरियन म्हणत, आम्हाला मुद्दाम उत्तरेची खिडकी दिली. स्लोवाक बायका येताना शिवणकामाची टेप घेऊन येत आणि आपल्या दारावरची पाटी हंगेरियनांच्या पाटीपेक्षा दोन बोटं कमी भरते म्हणून तक्रारवहीत लिहून जात. रुमानियनांचा पाद्री दर वर्षी एकदा आपली घंटा जागेवर आहे ना ते वाजवून बघे. सर्बांचं म्हणणं, गावात आम्ही सगळ्यांत जास्त, मग आम्हालाही एकच खोली कशी? जर्मन खोलीबद्दल कोणी तक्रार करत नसे. तक्रार करणारं गावात कोणी राहिलं नव्हतं.

संशय दारिंकाच्या अंगात लहानपणापासून मुरलेला होता. तिच्या आईचे वडील दुसरं महायुद्ध संपल्यावर बोस्नियातल्या डोंगरातून आगगाडीने इथे आले. सरकारने त्यांना विनोग्राद्स्का रस्त्यावरचं अडतीस नंबरचं घर दिलं. जर्मन मालकांना गावाबाहेरच्या छावणीत नेलेलं होतं. दारिंकाचे वडील पुढे त्याच घरात घरजावई झाले आणि त्या घराची धास्ती त्यांनी सासऱ्याकडून वारशात घेतली. परदेशी नंबरची गाडी रस्त्यात जरा हळू झाली, की ते खिडक्या लावून घेत आणि कुत्रा सोडत. बारा वर्षांची दारिंका फाटकाच्या फटीतून गाड्यांचे नंबर शाळेच्या वहीत उतरवून घेई. कशासाठी, ते वडिलांनी कधी सांगितलं नाही. ‘लिहून ठेव, लागेल,’ एवढंच म्हणत. वडील गेले, वही कुठेतरी गेली, नवरा एका ट्रकवाल्या कंपनीबरोबर गेला तो आलाच नाही, मुलगी ऑस्ट्रियात ग्राझला म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला गेली. घरात उरल्या दोघी. दारिंका आणि तिची पंच्याऐंशी वर्षांची आई, स्मिल्या.

रोज संध्याकाळी दारं लावण्यापूर्वी दारिंका प्रत्येक खोलीतल्या वस्तू मोजे. मार्चमधल्या एका गुरुवारी जर्मन खोलीत त्रेसष्टच्या जागी चौसष्ट भरल्या.

ती पुन्हा दाराशी गेली आणि पुन्हा मोजत आली. चौसष्ट. मग तिला दिसलं. स्वयंपाकाच्या मांडणीवर, मिठाच्या डब्याशेजारी, कॉफी दळायची एक लाकडी चक्की होती. खाली छोटा खण, वर पितळी दांडा. धूळ पुसून नीट ठेवलेली.

दुसऱ्या दिवशी ती डायरेक्टरच्या खोलीत गेली. अतिला केलेमेन चौतिशीतला हंगेरियन तरुण होता, दोन वर्षांपूर्वीच आलेला. बोलायला मऊ. एवढ्या मऊ बोलणाऱ्या माणसाचं तिला आधीपासूनच बरं वाटत नव्हतं.

“जर्मन खोलीत एक वस्तू जास्त आहे,” ती म्हणाली.

“कमी नाही ना? मग झालं.” त्याने कागदावरून मान वर केली नाही. “मावशी, मोजण्यात चूक झाली असेल.”

“माझी?”

“कुणाचीही होते.”

“सत्तावीस वर्षांत माझी झाली नाही. तुम्ही तेव्हा सात वर्षांचे होतात.”

तो हसला. ते हसणं घेऊन ती दिवसभर खोल्यांतून फिरत राहिली. मे महिन्यात वरच्या कार्यालयाकडून तपासणी होणार होती. यादी आणि वस्तू जुळल्या नाहीत तर जबाबदार कोण? राखणदार. पाच खोल्यांना माणूस कशाला, दोन कॅमेरे पुरेत, असं केलेमेन एकदा फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं. पेन्शनीला तीन वर्षं उरली होती. दोन आणि दोन चार करायला तिला वेळ लागला नाही.

पुढच्या आठवड्यात पासष्ट झाल्या. कोकराच्या आकाराचा तांब्याचा साचा, ईस्टरचा केक भाजायचा. त्याच्या पुढच्या आठवड्यात सहासष्ट. निळ्या दोऱ्याने अक्षरं भरलेलं चुलीमागे भिंतीवर लावायचं कापड, घडी करून बाकावर ठेवलेलं. प्रत्येक वेळी गुरुवारीच.

तिने तिकीट फाडणाऱ्या वेरोन्काला खिंडीत गाठलं. “गुरुवारी कोण कोण येतं?”

“गुरुवारी म्हाताऱ्यांना फुकट. सगळं गाव येतं. तुझी आईसुद्धा येते.”

“आई शेगडीजवळ बसायला येते. घरात कोळसा जाळायचा जिवावर येतं तिच्या. बाकी कोण?”

“काय झालंय गं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणताना तुझ्या नाकपुड्या फुगतात,” वेरोन्का म्हणाली. “काही गेलंय का? मला सांग, नाहीतर उद्या माझ्यावर यायचं.”

“तुझ्यावर कशाला येईल? तू काही केलंयस का?”

वेरोन्काने त्यावर तिच्याशी चार दिवस बोलणं टाकलं. दारिंकाच्या हिशेबी हाही पुरावाच होता. वेरोन्का हंगेरियन, केलेमेन हंगेरियन. दोघं दुपारी एकत्र कॉफी पितात आणि ती आली की भाषा बदलतात. आधी हंगेरियनमध्ये चाललेलं असतं, मग एकदम सर्बियनमध्ये पावसापाण्याचं.

तिने ठरवलं, आपणच पकडायचं.

स्लोवाक खोलीतला पलंग छातीएवढा उंच होता आणि त्यावर पिसांच्या गाद्या-उशा पार छताला टेकतील अशा रचलेल्या. उशांच्या मागे भिंतीलगत माणूस बसेल एवढी जागा होती आणि तिथून उघड्या दारातून जर्मन खोलीतली मांडणी सरळ दिसे. गुरुवारी सकाळी आईला जर्मन खोलीतल्या शेगडीजवळ आपल्या स्टुलावर बसवून दारिंका म्हणाली, “मी खाली तळघरात जाते, वेळ लागेल.” मग बूट काढून हातात घेतले आणि पलंगावर चढली. सत्तावीस वर्षं लोकांना ‘हात लावू नका’ म्हणून ओरडलेली बाई स्लोवाकांच्या नवरीच्या पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसली.

पिसांमुळे नाक चुरचुरत होतं. दोन स्लोवाक म्हाताऱ्या आल्या, पलंगासमोर उभ्या राहिल्या. एक म्हणाली, “उशा नीट रचलेल्या नाहीत.” दुसरी म्हणाली, “सर्ब बाई आहे राखायला, तिला काय कळतंय?” दारिंका दात खाऊन गप्प बसली. त्या गेल्या. रुमानियन खोलीतून एक जण नुसता फिरून गेला. केलेमेन एकदा आला, जर्मन खोलीत डोकावला, स्मिल्याला म्हणाला, “थंडी नाही ना, आजी?” आणि गेला. हात खिशात होते. दारिंकाने ते लक्षात ठेवलं.

मग बराच वेळ कोणी आलं नाही.

स्टुलावरची स्मिल्या उठली. इकडे तिकडे बघितलं. पायाशी ठेवलेली विणकामाची पिशवी उघडली, लोकरीच्या गुंड्याखालून काहीतरी काळं काढलं, पदरासारखी खांद्यावर घेतलेल्या शालीच्या टोकाने पुसलं, आणि दोरी वर उचलून तिच्याखालून वाकून पलीकडे गेली. एरवी बाथटबमध्ये पाय टाकायला जिला दोन्ही हातांचा आधार लागे, ती. मांडणीपलीकडच्या लाकडी पाळण्याजवळ गेली आणि ती काळी वस्तू पाळण्यात, चादरीखाली ठेवून हाताने चादर सारखी केली.

“आई!”

उशा कोसळल्या. दारिंका पायमोज्यांवर धावत आली. स्मिल्या दोरीच्या आत उभी होती, पकडली गेल्यासारखी नाही, उशीर झाल्यासारखी.

“ओरडू नकोस, दारा. लोक आहेत.”

“तू? गेला महिनाभर तू? मी इथे झोपेशिवाय मरतेय, आणि तू माझ्याच स्टुलावर बसून…”

“तुझ्याच स्टुलावर कोणी बघत नाही म्हणून तर.”

“सांगून नाही आणता आलं? केलेमेनला द्यायचं, तो पावती देतो.”

“पावतीच नको होती.” स्मिल्याने दोरी वर धरून बाहेर यायला हात पुढे केला. “पावती म्हणजे नाव. नाव म्हणजे पत्ता. तो मुलगा वहीत लिहिणार, विनोग्राद्स्का अडतीसमधून आलं. ती वही कोण कोण वाचतं, तुला माहीत आहे? तुझ्या बापाने जन्मभर काय सांगितलं? आणि हल्ली तर म्हणतात, कायदा झालाय, घरं परत मागता येतात.”

हे सगळं दारिंकाचंच म्हणणं होतं. तिने पाळण्यातून ती वस्तू काढली. जर्मन प्रार्थनेचं पुस्तक होतं, तळहाताएवढं, काळ्या चामड्याचं, कडांना सोनेरी रंग. आतल्या कोऱ्या पानांवर हाताने लिहिलेलं होतं, मोडीसारख्या गुंतलेल्या जुन्या जर्मन वळणात. गावातल्या कुणालाही ते वाचता आलं नसतं.

“चक्की, साचा, कापड, ते सगळं माळ्यावरच्या बंद पेटीतलं असणार,” दारिंका म्हणाली. “हे तर कुणी बघितल्याचंही ऐकलं नाही.”

“कुणीच नाही बघितलं. माझ्या आईनेसुद्धा.”

स्मिल्याने स्टुलावर बसून घेतलं. मग गुडघे चोळत सांगितलं.

ते घरात राहायला आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. डोंगरात त्यांचं घर जळलेलं, बाहुली कसली, चमचाही नव्हता. इथे घरातल्या पाळण्यात गादीखाली तिला हे पुस्तक सापडलं. त्यात संतांची रंगीत चित्रं होती. तिने ते कुणाला दाखवलं नाही. दुसऱ्या वसंतात एका सकाळी फाटकाशी एक बाई आली. छावणीतून कामाला नेत त्यांच्यातली, पायाला पोती गुंडाळलेली. पहारेकरी कोपऱ्यावर विडी ओढत होता.

“मला वाटलं, भाकरी मागेल,” स्मिल्या म्हणाली. “सगळे भाकरी मागायचे. आई द्यायचीही, लपवून. पण ही म्हणाली, पुस्तक. मोडक्यातोडक्या आपल्या भाषेत. काळं पुस्तक, पाळण्यात. आई म्हणाली, नाही गं बाई, काही नाही, जा, तो बघेल. आईला खरंच माहीत नव्हतं. मी आईच्या मागे उभी होते. पुस्तक माझ्या एप्रनखाली होतं.”

“मग?”

“कोपरा दिसत होता, दारा. तिनं बघितला. मला कळलं, तिनं बघितला. एक शब्द बोलली असती तर आईने काढून दिलं असतं, आणि मला फोडून काढलं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान हलवली, आपण लेकरांना म्हणतो ना, असू दे, तशी. आणि गेली.”

“परत आली?”

“कुठची परत येते.”

दारिंकाने पुस्तक आपल्या कपाटात, बुटांच्या खोक्यात घातलं आणि कुलूप लावलं. तीन दिवस ती एकच हिशेब मांडत राहिली. पुस्तक मांडलं तर त्यात नावं आहेत. मेमध्ये तपासणी झाली की लगेच जर्मनीहून बस येणार होती, इथून गेलेल्यांची मुलं-नातवंडं. त्यातल्या एकाने नाव वाचलं, दुसऱ्याने वकील केला, की संपलं. नाही मांडलं तर आई पुढच्या गुरुवारी आणखी काय पिशवीतून आणेल याचा नेम नाही. आणि केलेमेन? त्याला काय काय माहीत आहे?

शेवटी शंका सहन होईना म्हणून ती सोमवारी त्याच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. फक्त घराचा नंबर तेवढा गाळला.

केलेमेन ऐकता ऐकता लाल होत गेला. “आजी आणत होत्या?” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्ही.”

“मी?”

“चक्की बघितली तेव्हाच वाटलं. तुमचं घर कुणाचं होतं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, मावशी. म्हटलं, यांना द्यायचं असेल, बोलायचं नसेल. म्हणून म्हणालो, मोजण्यात चूक झाली असेल.”

“म्हणजे महिनाभर तुम्ही माझ्यावर संशय घेत होतात!”

“चांगला संशय.”

“संशय तो संशय! आणि ते कॅमेऱ्यांचं?”

“कसल्या कॅमेऱ्यांचं?” त्याला आठवेना. मग आठवलं. “ते शाळेचे हेडमास्तर सांगत होते, त्यांच्या शाळेत बसवायचेत म्हणून. पाच वर्ग, दोन कॅमेरे.”

दारिंकाने त्याच्यावर पुरता विश्वास ठेवला नाही. तो खोल्या म्हणाला होता, वर्ग नाही, हे तिला नक्की आठवत होतं. पण तिने पुस्तक टेबलावर ठेवलं, आणि तो चारही वस्तू यादीत लिहीपर्यंत समोरून हलली नाही. ‘एका नागरिकाकडून’ एवढंच त्याने लिहिलं. तपासणीला आलेल्या बाईंनी वस्तू जुळवल्या, सही केली आणि दुपारच्या जेवणाला निघून गेल्या.

बस आली त्या दिवशी स्मिल्याने चांगला रुमाल बांधला आणि उघडायच्या आधीच येऊन बसली. दारिंका म्हणाली, “घरी थांब. उगाच कोणी काही विचारलं तर?” ती म्हणाली, “विचारू देत.”

चाळीसएक जण होते. बहुतेक पन्नाशी-साठीचे, रंगीत जाकिटं घातलेले. त्यांनी फोटो काढले, कॉफीची चक्की बघून ‘ओमाकडे’, म्हणजे आजीकडे, ‘अशीच होती’ असं काहीतरी एकमेकांना म्हणाले. दोघींनी स्वच्छतागृह कुठे ते विचारलं. दारिंका दाराशी उभी राहून हात बघत होती. स्मिल्या मात्र चेहरे बघत होती, एकेक करून. पुस्तकाच्या काचेपाशी कोणी थांबेना. तासाभराने लोक बाहेर अंगणात गेले, तिथे वेरोन्का गोड वड्या आणि राकिया, फळांची कडक दारू, वाटत होती.

“कोणीच नव्हतं ना तिचं?” स्मिल्याने विचारलं. दारिंकाला सुटल्यासारखं झालं आणि आईचं तोंड बघून त्याची लाजही वाटली.

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत परत आला. लाउबर त्याचं नाव, नव्वदीचा, ह्याच गावात जन्मलेला. खणखणीत पण जुनाट सर्बियन बोलत होता, ऐंशी वर्षांपूर्वीच्या पोरांची. काचेवर वाकून त्याने पुस्तकाच्या उघड्या पानाकडे बघितलं.

“हे कोण वाचतं तुमच्यात?” त्याने विचारलं.

“कोणी नाही,” दारिंका म्हणाली.

“काढा बाहेर. मी वाचतो.”

“काच उघडायची परवानगी नाही.”

“दारा,” स्मिल्या म्हणाली, “उघड.”

तिने किल्ली लावली. त्याने पुस्तक डोळ्यांजवळ धरलं, आणि दारिंका त्याच्या दोन्ही हातांवर नजर रोखून अर्ध्या पावलावर उभी राहिली. जन्मांची नोंद होती. मार्टिन, १९३४. आना, १९३७. रोझिना, १९४३, आणि तिच्यापुढे छोटा क्रूस, गेल्याची खूण. लिहिणारीने खाली सही केलेली होती, एफा शूमाखर.

“शूमाखर,” म्हातारा म्हणाला. “चाकं करायचा तो. मार्टिन माझ्या वर्गात होता. काळे केस, कान मोठे. ते सगळे छावणीतच…” पुढचं त्याने आपल्या भाषेत म्हटलं.

“एफा,” स्मिल्या म्हणाली. तिने ते नाव दोनदा म्हणून बघितलं. मग म्हाताऱ्याकडे वळून, दारिंकाने डोळे मोठे केले तरी न थांबता, सगळं सांगितलं. पाळणा, एप्रन, कोपरा, सगळं. म्हाताऱ्याने ऐकलं. “तुम्ही लहान होतात,” एवढं म्हणाला, आणि मग, “मीही होतो.” पुस्तक त्याने दारिंकाच्या हातात दिलं. जाताना तिच्या पाठीवर थोपटलं. तिने तरीही तो गेल्यावर पानं मोजली.

दुसऱ्या दिवशी केलेमेन विनोग्राद्स्का रस्त्यावर कॉफीला आला. स्मिल्यानेच बोलावलं होतं. दारिंकाने कॉफी आणली आणि चुलीला पाठ लावून उभी राहिली. त्याने नोंदवही उघडली.

“कुणाकडून, काय लिहू, आजी? तसंच ठेवू, एका नागरिकाकडून?”

“नागरिक कोण? माझं नाव आहे. स्मिल्या लिही. आणि ते कुणाचं होतं तेही लिही, एफा शूमाखरचं.”

“आई, घराचा नंबर नको,” दारिंका म्हणाली. “केलेमेन, ऐकताय ना? नंबर नको.”

“लिही बाळा,” स्मिल्या म्हणाली. “विनोग्राद्स्का, अडतीस.”

त्याने दारिंकाकडे बघितलं. दारिंकाने मान फिरवली, पण नाही म्हटलं नाही. त्याने लिहिलं.

स्मिल्या पुढच्या हिवाळ्यात गेली. पेन्शन होईपर्यंत दारिंका पाच खोल्या राखत राहिली, आणि केलेमेनने तिला निरोपाच्या दिवशी फुलं दिली, ती तिने आधी वास घेऊन, मग देठांकडे बघून घेतली. घराबद्दल कुणाचं पत्र आलं नाही. लाउबरचं एक कार्ड मात्र आलं, नाताळात. रस्त्याला परदेशी नंबरची गाडी थांबली तर ती अजूनही पडद्याआडून बघते. एकदा एक जोडपं बराच वेळ बाहेर उभं होतं, हातात नकाशा. ती बघत राहिली, बघत राहिली, मग स्वतःच बाहेर गेली, फाटक उघडलं आणि करड्या आवाजात विचारलं, “कुणाचं घर शोधताय?”

ती चेक देशातली माणसं होती. त्यांना बस स्टँड हवा होता.